अभयदान पूर्ण केव्हा होते?

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी दानाची चार रूपे जैन परंपरेने सांगितली आहेत. पहिल्या तिन्हींमध्ये वस्तू दात्याच्या हातून सुटली, की त्याचे काम बहुतांशी संपते. भुकेल्याच्या ताटात अन्न पडते, रोग्याला औषध मिळते, जिज्ञासूच्या हाती ग्रंथ येतो. अभयदानाचे तसे नाही. ‘तुला भिण्याचे कारण नाही’ असे दात्याने मनाशी ठरवून भागत नाही. ते घेणाऱ्याला पटावे लागते. जोवर त्याच्या मनातील भय ओसरत नाही, तोवर दिलेले अभय त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नसते. छळ सोसलेला एखादा कुत्रा घरी आणणाऱ्या कुटुंबाला हा फरक पहिल्या आठवड्यातच उमगतो.

अशा कुत्र्याविषयी घराने एक चित्र आधीच रंगवलेले असते. मार खाणारा, उपाशी राहणारा जीव सुटला. आता त्याच्यासाठी मऊ अंथरूण आहे, दोन वेळचे अन्न आहे, मायेची माणसे आहेत. तो कृतज्ञतेने शेपटी हलवील, पायाशी येऊन बसेल, मुलांबरोबर खेळेल. प्रत्यक्षात तो पलंगाखाली शिरतो आणि तिथून हलत नाही. दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही. कुरवाळायला हात पुढे केला, की गुरगुरतो. रात्री येरझाऱ्या घालतो, घरात घाण करतो. घर दुखावते. ‘इतके केले, तरी याला कदर नाही’ असे वाटू लागते, आणि काही आठवड्यांतच त्याला निवाऱ्यात परत पाठवण्याची भाषा सुरू होते. ज्या जीवाला वाचवण्यासाठी घराचे दार उघडले, तोच जीव दुसऱ्यांदा टाकला जातो. हे टाळायचे असेल, तर दयेइतकीच समजही हवी.

जीव वाचवण्याची परंपरा महाराष्ट्रात नवी नाही. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने भटके कुत्रे मारण्याची मोहीम जोरात चालवली, तेव्हा पारशी समाजाच्या पुढाकाराने शहरात मोठा उठाव झाला आणि इतर समाजांचे लोकही त्यात उतरले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांच्यासह पारशी व जैन व्यापाऱ्यांच्या दातृत्वातून मुंबईचे पांजरापोळ उभे राहिले. मरणापासून सुटका, चारा-पाणी आणि निवारा हे पांजरापोळाचे काम थोरच आहे. पण भ्यालेला कुत्रा घरात आणला, की तिथून पुढचा प्रवास सुरू होतो. शरीर वाचलेले असते. मन अजून जुन्याच जागी अडकलेले असते.

या प्रवासाचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत घडले. २००७ च्या एप्रिल महिन्यात व्हर्जिनिया राज्यातील सरी परगण्यात पोलिसांनी एका मालमत्तेवर छापा घातला. ती जागा मायकेल व्हिक या नामांकित फुटबॉलपटूची होती आणि तिथे कुत्र्यांच्या झुंजी लावण्याचा धंदा चालत असल्याचे उघड झाले. पिट बुल जातीचे सुमारे पन्नास कुत्रे ताब्यात घेण्यात आले. झुंजीत कमी पडलेल्या कुत्र्यांना तिथे क्रूरपणे ठार मारले जात असे. व्हिक याने गुन्हा कबूल केला आणि त्याला २३ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली.

तोवर झुंजीतून पकडलेल्या कुत्र्यांना पुरावा म्हणून ठेवायचे आणि खटला संपला, की मारून टाकायचे, अशीच तिथली रीत होती. असे कुत्रे सुधारत नाहीत, असे काही मोठ्या प्राणिसंघटनांचेही मत होते. या खटल्यात मात्र प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र तपासणी झाली. न्यायालयाने रिबेका हस या कायद्याच्या प्राध्यापिकेची कुत्र्यांचे हित पाहण्यासाठी नेमणूक केली आणि कुत्र्यांच्या संगोपनासाठी व्हिक याच्याकडून नऊ लाख डॉलरांहून अधिक रक्कम वसूल केली.

तपासणी करणाऱ्यांना रक्तपिपासू जनावरे दिसतील, असा सर्वसाधारण समज होता. पुढे आले ते वेगळेच. बहुतेक कुत्रे हिंस्र नव्हते. ते घाबरलेले होते. काही तर माणूस जवळ येताच अंग आक्रसून जमिनीला चपटे होऊन पडत, जणू आपण दिसलोच नाही, तर बरे. अखेर ४७ कुत्रे निरनिराळ्या संस्थांकडे सोपवण्यात आले. त्यांपैकी २२ कुत्रे युटा राज्यातील कनाब येथील ‘बेस्ट फ्रेंड्स’ या अभयारण्यात गेले. बाल्टिमोर येथील एका संस्थेकडे आलेली जास्मिन नावाची कुत्री इतकी भेदरलेली होती, की पिंजऱ्याचे दार उघडे असले, तरी ती बाहेर येत नसे. डिसेंबर २००८ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या क्रीडासाप्ताहिकाने एखाद्या खेळाडूऐवजी या जास्मिनचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापले. याच कळपातला लिओ पुढे कर्करोगाच्या रुग्णांना भेटून त्यांचे मन रमवू लागला. जॉनी जस्टिस नावाचा कुत्रा वाचनाला बिचकणाऱ्या मुलांजवळ शांत बसू लागला आणि मुले त्याला मोठ्याने पुस्तके वाचून दाखवू लागली. माणसांनीच ज्यांना भय शिकवले होते, ते आता माणसांच्या मुलांचे भय घालवत होते.

हे कशाने साधले? कोणत्याही चमत्काराने नव्हे. ठरलेल्या वेळी अन्न, ठरलेल्या वेळी फिरणे, रोज तीच माणसे, तोच आवाज, आणि कुत्र्याने स्वतःहून पुढे येईपर्यंत थांबण्याची तयारी. विशेष म्हणजे, आजचे प्राणिवर्तनतज्ज्ञ जे सांगतात, त्याचे सूत्र जैन श्रावकाचारात फार पूर्वीच येऊन गेले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. हे पाचही अतिचार माणसाच्या ताब्यातील मुक्या प्राण्याला सर्वांत आधी लागू पडतात. भ्यालेल्या कुत्र्याच्या संगोपनात ते एकेक करून पाहण्यासारखे आहेत.

पहिला अतिचार बंधनाचा. भ्यालेल्या प्राण्यापुढे दोनच वाटा असतात; पळणे किंवा झुंजणे. त्याला साखळीने बांधले, कोपऱ्यात कोंडले किंवा ‘सवय व्हावी’ म्हणून पाहुण्यांच्या मध्ये धरून ठेवले, की पळण्याची वाट बंद होते आणि दातच काय ते उरतात. म्हणून घरातील एक शांत कोपरा केवळ त्याचा असावा. पाठीमागे भिंत, वर एखादी चादर, आणि बाहेर पडायला मोकळी वाट. तो तिथे गेला, की त्याला कोणीही ओढून काढू नये, मुलांनी तिथे डोकावू नये. ही मोकळीक घरातली. रस्त्यावर मात्र पहिले काही महिने जास्त सावध राहावे लागते. भ्यालेला कुत्रा एखाद्या हॉर्नने दचकून गळपट्ट्यातून मान सोडवून पळू शकतो आणि नव्या परिसरात त्याला परतीची वाट सापडत नाही. गळपट्टा आणि छातीला बसणारा हार्नेस, असे दोन्ही दोन स्वतंत्र दोऱ्यांना जोडावेत. दिवाळीच्या फटाक्यांत तर त्याला संध्याकाळनंतर बाहेर नेऊच नये. ही दोरी बंधनाची नाही, रक्षणाची आहे. हेतूने आणि वापराने दोहोंत फरक पडतो.

दुसरा अतिचार मारण्याचा. काठी उगारणे तर उघडच वर्ज्य आहे. पण कुत्रा गुरगुरला म्हणून ओरडणे, नाकावर चापट देणे हेही त्यातच येते. गुरगुरणे हा अपराध नाही, ती पूर्वसूचना आहे. ‘मला भीती वाटते, कृपा करून दूर हो’ एवढेच त्यातून तो सांगत असतो. ती सूचना शिक्षेने दाबली, तर भीती जात नाही, केवळ आवाज जातो, आणि पुढच्या वेळी तो न गुरगुरताच चावतो. गुरगुरण्याआधीही त्याचे शरीर बोलत असते. भूक नसताना ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, मान दुसरीकडे वळवून डोळ्यांच्या कडांनी पाहणे, शेपटी पायांत घालणे, एकाएकी निश्चल होणे, ही सारी अस्वस्थतेची चिन्हे आहेत. घरातील प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, ही भाषा शिकून घ्यावी. ती दिसताच दोन पावले मागे सरणारा माणूस कुत्र्याच्या लेखी विश्वासाला पात्र ठरतो, कारण त्याला सांगितलेले कळते.

तिसरा अतिचार अवयवछेदाचा. शोभेसाठी कान किंवा शेपटी कापण्याची चाल काही जातींच्या बाबतीत आजही आढळते. त्या वेदनेबरोबर कुत्र्याची अर्धी भाषाही जाते, कारण कान आणि शेपटी हीच त्याच्या बोलण्याची साधने आहेत. पशुवैद्याने केलेली निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया ही वेगळी गोष्ट. ती भूल देऊन, आरोग्यासाठी आणि बेवारस पिलांची संख्या रोखण्यासाठी केली जाते.

चौथा अतिचार अतिभाराचा, आणि दयाळू घरांकडून नकळत घडतो तो बहुधा हाच. ओझे केवळ पाठीवरच लादले जाते असे नाही. नवा कुत्रा आला म्हणून पहिल्याच रविवारी नातेवाईक जमतात, मुले भोवती गराडा घालतात, कोणी मोबाइल तोंडापुढे धरून छायाचित्र काढतो, कोणी त्याला आंघोळ घालण्याचा घाट घालतो. यातील एकेक गोष्ट तो कदाचित सोसू शकला असता. सर्व एकाच दिवशी आल्यावर त्याची सहनशक्ती संपते आणि संध्याकाळी एखाद्या क्षुल्लक कारणावरून तो अंगावर येतो. मग ‘कारण नसताना चावला’ असे म्हटले जाते. कारण सकाळपासून साठत आलेले असते.

भार हळूहळू कसा उतरवावा, याचे एक सुंदर उदाहरण मानसशास्त्राच्या इतिहासात आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी संशोधिकेने पीटर नावाच्या एका लहान मुलाच्या मनातील सशाची भीती घालवली. मुलगा खात असताना ससा पिंजऱ्यात, खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवला जाई, आणि मुलगा निवांत आहे असे पाहून तो थोडा थोडा जवळ आणला जाई. शेवटी तोच मुलगा सशाला प्रेमाने कुरवाळू लागला. हीच रीत आज कुत्र्यांसाठी वापरली जाते. आपल्याकडील अनेक कुत्र्यांना झाडूची विलक्षण भीती असते, कारण रस्त्यावर त्याच झाडूने त्यांना हाकललेले असते. घरकामाला येणाऱ्या मावशींनी झाडू हाती घेतला, की कुत्रा थरथर कापतो किंवा झाडूवर धावून जातो. त्याला समजावून किंवा दटावून उपयोग नाही. झाडू आधी दूरच्या कोपऱ्यात जमिनीवर नुसता पडू द्यावा आणि कुत्र्याला त्याचा आवडता घास मिळावा. काही दिवसांनी तो थोडा जवळ असावा. मग कोणी तरी तो उचलून लगेच खाली ठेवावा, मग एक-दोनदा हलकेच फिरवावा; आणि प्रत्येक वेळी झाडू दिसला, की घास मिळावा. कुत्र्याने घास घेणे थांबवले, तर पायरी फार उंच झाली असे समजून एक पाऊल मागे यावे. तोवर केर काढताना त्याला दुसऱ्या खोलीत ठेवणे हेच शहाणपणाचे. एका झाडूसाठी कधी महिना, कधी त्याहून अधिक काळ लागतो. घाई केली, तर तोही वाया जातो.

पाचवा अतिचार अन्नपाणी रोखण्याचा. ‘उपाशी राहिला, की आपोआप हातून खाईल’ हा सल्ला अनेकदा दिला जातो. भुकेने लाचार झालेला प्राणी हाताजवळ येईलही. पण त्याला लाचारी म्हणतात, विश्वास नव्हे. त्याचे वाडगे रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी, विनाअट भरलेले असावे आणि तो खात असताना माणसाने दूर जावे. पाणी तर अष्टौप्रहर हवे. ओळख वाढवण्यासाठी द्यायचे घास या जेवणाखेरीज द्यावेत. आणि तेही आधी जवळ फेकून, मग तळहातावर, तिरके बसून, नजरेला नजर न भिडवता. घरात सूर्यास्तापूर्वी भोजनाची रीत असेल, तर कुत्र्याचे जेवणही त्याच सुमारास ठरवता येते; वेळेचा नेम त्याला धीरच देतो.

आहाराचा आणखी एक प्रश्न जैन घरांत हटकून येतो. मांजराला मांसाहारातील काही घटकांवाचून चालत नाही. कुत्र्याचे तसे नाही. माणसाच्या सहवासात राहून त्याच्या शरीराने पिष्टमय अन्न पचवण्याची क्षमता लांडग्याहून कितीतरी अधिक वाढवली आहे. मात्र त्याचा अर्थ उरलेली पोळी आणि वरणभात पुरेसा होतो असा नाही. प्रथिने, चुना, जीवनसत्त्वे यांचा मेळ बसलेला शाकाहार पशुवैद्याच्या सल्ल्यानेच ठरवावा, आणि आजारी वा खंगलेल्या कुत्र्याच्या बाबतीत त्याचे म्हणणे अंतिम मानावे. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक आहेत, ही चिंता जैन स्वयंपाकघरात आपोआप मिटते; पण द्राक्षे, बेदाणे आणि मनुका त्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. त्यामुळे बेदाणे घातलेला शिरा किंवा लाडू प्रेमाने भरवण्याचा मोह टाळावा.

अन्नाने सुरू झालेली ओळख पुढे स्पर्शाकडे जाते. कोलकात्याच्या ‘आयसर’ या संस्थेतील संशोधकांचा रस्त्यावरील कुत्र्यांविषयीचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी माणूस पुन्हा पुन्हा भेटत राहिला, तेव्हा खाऊ देण्यापेक्षा मायेने कुरवाळण्याने कुत्र्यांचा विश्वास अधिक वाढलेला दिसला. भारतातील साध्या गावठी कुत्र्यालाही माणसाकडून भाकरीहून अधिक काही हवे असते. पण ज्याने माणसाच्या हाताचा मारच अनुभवला आहे, त्याच्या बाबतीत स्पर्शाची वेळ त्यानेच ठरवावी. तो जवळ येऊन अंग टेकवील, तेव्हा डोक्यावरून हात न नेता छातीला किंवा हनुवटीखाली दोन-तीन क्षण खाजवावे आणि हात काढून घ्यावा. तो आणखी जवळ सरकला, तर पुन्हा. तो दूर झाला, तर तेवढेच पुरे. ‘नको’ म्हटलेले ऐकले जाते, हे ज्या दिवशी त्याला कळते, त्या दिवसापासून तो ‘हवे’ म्हणू लागतो.

याला वेळ किती लागतो? निवाऱ्यातून आलेल्या कुत्र्याविषयी तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असा एक ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवसांत धास्ती थोडी कमी होते, तीन आठवड्यांत घराचा क्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपले वाटू लागते. छळातून आलेल्या जीवाला हे माप लागू पडेलच असे नाही. त्याला वर्षही लागू शकते. प्रगती सरळ रेषेत होत नाही. चार महिने शांत असलेला कुत्रा हेल्मेट घातलेल्या एखाद्या माणसाला पाहून पुन्हा पलंगाखाली जातो. ते अपयश नसते. जुनी जखम केवळ ठणकलेली असते.

करुणेने डोळे झाकू नयेत, हेही तितकेच खरे. व्हर्जिनियातील कुत्र्यांपैकी एकाला अति आक्रमकतेमुळे वाचवता आले नाही. ल्यूकस आणि मेरिल या दोघांना न्यायालयाच्या आदेशाने कोणत्याही घरी देता आले नाही. ती दोघे कनाबच्या अभयारण्यातच, जाणत्या माणसांच्या सहवासात, आयुष्यभर राहिली. घरात लहान मूल असेल, तर कुत्र्याला आणि त्याला एकटे कधीही सोडू नये. रेबीजची लस वेळेवर द्यावी, महापालिकेकडे नोंदणी करावी. दात लागलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कुत्रा आवाक्याबाहेर आहे असे वाटल्यास पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ यांची मदत घ्यावी. कोणता जीव आपल्या घराला पेलवेल, याचा विचार आणण्यापूर्वी करणे, हाही अहिंसेचाच भाग आहे.

‘क्षत्रचूडामणि’ या वादीभसिंहसूरींच्या ग्रंथात जीवंधरकुमाराची कथा येते. यज्ञासाठीच्या अन्नाला तोंड लावले म्हणून लोकांनी बेदम मारलेला एक कुत्रा त्याला दिसतो. जीवंधर त्याला वाचवू पाहतो, पण प्राण राहत नाहीत. तेव्हा तो त्याच्या जवळ बसून त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हणतो. तो कुत्रा मरून यक्ष होतो आणि पुढे संकटकाळी जीवंधराच्या साहाय्याला धावतो. या कथेत राजकुमाराजवळ औषध नव्हते, अन्न नव्हते, वेळही नव्हता. मारणाऱ्या माणसांच्या गर्दीत न मारणारा एक माणूस जवळ बसला होता, एवढेच त्या मुक्या जीवाला मिळाले.

आज भ्यालेला कुत्रा घरी आणणाऱ्या कुटुंबाजवळ अन्न आहे, औषध आहे, आणि मनात आणले, तर वेळही आहे. त्या जीवंत २००७ च्या कुत्र्यांपैकी शेवटचा, फ्रोडो, डिसेंबर २०२१ मध्ये वार्धक्याने गेला. छाप्यानंतर चौदा वर्षे तो माणसांमध्ये जगला. आपल्याकडे अशा कुत्र्याची बातमी कुठे छापून येत नाही. एके दुपारी घरातली माणसे ये-जा करत असतात, भांड्यांचा आवाज होत असतो, आणि तो पलंगाखाली न जाता खोलीच्या मधोमध पोट उघडे टाकून गाढ झोपलेला असतो. अभयदान पूर्ण झाल्याची पावती ती.